लोवेलचा कालवा आणि आजीची वही

ज्यांनी हा भाग हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली असेल, त्यांची आधी माफी मागते. सुरुवातीचा तो वीस सेकंदांचा खडखडाट म्हणजे रेकॉर्डिंगमधला बिघाड नव्हता. ते साचे होते. साचे म्हणजे यंत्रमाग. गिरणगावातली माणसं लूमला साचा म्हणायची आणि विणायच्या खात्याला साचाखाता. तुमच्यापैकी जे हे ऐकत नसून वाचतायत त्यांच्यासाठी सांगते: फास्ट लोकल फलाटावर न थांबता धडधडत निघून जाते ना, ती निघून जातच नाहीये, तुमच्यासमोर तशीच धडधडत उभी आहे, असं समजा.

गंमत म्हणजे हा आवाज मुंबईतला नाही. मुंबईत तो आता सहज ऐकायला मिळतच नाही. हा मी रेकॉर्ड केला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल नावाच्या शहरात.

माझे आजोबा लालबागला एका गिरणीत साचेवाले होते. तीस वर्षं. मला ते आठवतात ते मोठ्याने बोलणारे आजोबा म्हणून. घरात साधं मीठ मागायचं तरी चाळीतल्या चार खोल्यांना कळायचं. लहानपणी मला वाटायचं ते कायम चिडलेले असतात. नंतर कळलं, त्यांना कमी ऐकू यायचं आणि समोरच्यालाही कमीच ऐकू येत असणार अशी त्यांची समजूत होती. साचाखात्यात सगळ्यांनाच कमी ऐकू यायचं. तिथे लोक ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे. मी दहावीत असताना ते गेले. आज मी लोकांचे आवाज रेकॉर्ड करण्याचं काम करते आणि माझ्याकडे आजोबांचा एका सेकंदाचाही आवाज नाही. त्यामुळे आतेभावाकडे बॉस्टनला गेले होते तेव्हा त्याने विचारलं, "शनिवारी कुठे जायचं, समुद्रावर की मॉलमध्ये?" तर मी म्हटलं, मला गिरणी दाखव.

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोवेलला पाऊण तासाची लोकल आहे. उतरल्यावर मी सरळ गिरणीत जाणार होते, पण आतेभाऊ इंजिनिअर आहे आणि इंजिनिअर माणसाला आधी पाणी बघायचं असतं. आणि तो बरोबर होता. लोवेलची गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते.

मेरिमॅक नावाची मोठी नदी आहे. लोवेलपाशी ती पॉटकेट धबधब्यावरून खडकांतून उतरते, एकूण सुमारे 32 फूट. धबधबा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ठोसेघर येतं, तसं काही नाही. नदी नुसती पायऱ्या उतरल्यासारखी उतरते. पण पाणी भरपूर. ज्यांना वरच्या जंगलातलं लाकूड नदीतून समुद्रापर्यंत न्यायचं होतं त्यांना हा उतार अडचणीचा होता. म्हणून 1796 मध्ये धबधब्याला वळसा घालणारा एक कालवा पूर्ण झाला, पॉटकेट कालवा. बिचाऱ्याचं नशीब वाईट. सातच वर्षांनी, 1803 मध्ये, दुसरा एक कालवा थेट बॉस्टनपर्यंत गेला आणि सगळा माल तिकडे वळला.

मग वीसेक वर्षांनी बॉस्टनच्या काही व्यापाऱ्यांचं या पडीक कालव्याकडे लक्ष गेलं. त्यांनी विचार उलटा केला. होड्या नेण्यासाठी जो उतार अडचण होता, तोच त्यांना हवा होता. कल्पना साधी आहे. नदी 32 फूट खाली उतरते, पण कालवा जवळजवळ सपाट ठेवला तर त्यातलं पाणी उंचावरच राहतं. मग कालवा आणि नदी यांच्यामध्ये गिरणी बांधायची, कालव्याचं पाणी गिरणीच्या तळघरातल्या भल्यामोठ्या चाकावर सोडायचं, आणि ते खाली नदीत काढून द्यायचं. चाक फिरलं की पट्ट्यांवरून ती गती वर मजल्यामजल्यावर जाते आणि साचे चालू. धूर नाही, कोळसा नाही. लोवेलमध्ये तर हे पाणी दोनदा वापरायचे. वरच्या पातळीवरच्या गिरण्यांनी वापरलेलं पाणी खालच्या कालव्यात, तिथून खालच्या गिरण्यांना आणि मग नदीत. 1848 पर्यंत असे कालव्यांचे फाटे गावभर पसरले, सगळे मिळून जवळपास 9 किलोमीटर.

आणि हे पाणी विकलं जायचं! कालव्यांची मालकी एका कंपनीकडे, आणि गिरण्या तिच्याकडून पाणी घ्यायच्या. पाणी मोजायचं माप काय होतं माहितीये? 'मिल-पॉवर'. म्हणजे 3,584 चात्यांची सूतगिरणी आणि तिला जोडलेलं बाकीचं काम चालवायला लागेल एवढं पाणी. लिटर नाही, गॅलन नाही, चात्या. नदीकडे बघून ज्यांना सुताच्या चात्या दिसायच्या अशी ती माणसं.

ज्याच्या नावावरून हे शहर ओळखलं जातं, त्या फ्रान्सिस कॅबट लोवेलने हे शहर पाहिलंच नाही. तो 1817 मध्ये वारला, शहर त्यानंतरचं. पण मूळ उद्योग त्याचाच. 1810 ते 1812 या काळात तो इंग्लंडमध्ये होता आणि तिथल्या गिरण्या बघत फिरला. त्या काळी इंग्लंडमधून कापडाची यंत्रं किंवा त्यांचे नकाशे बाहेर न्यायला कायद्याने बंदी होती. मग या गृहस्थाने यंत्रमाग डोक्यात साठवून आणला आणि परत आल्यावर पॉल मूडी नावाच्या कारागिराला हाताशी धरून तो उभा केला. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर त्याला चोरी म्हणाले असते. तिकडे त्याच्या नावाचं शहर आहे.

कालव्याच्या काठाने चालत आम्ही एका जुन्या दरवाजापाशी पोचलो. हे मला गावातलं सगळ्यात आवडलेलं ठिकाण. जेम्स फ्रान्सिस हा कालवे सांभाळणाऱ्या कंपनीचा मुख्य अभियंता. जुने पूर अभ्यासून त्याने ठरवलं की कधीतरी नदी या कालव्यात घुसेल आणि सगळं गाव बुडवेल. म्हणून 1850 मध्ये त्याने कालव्याच्या तोंडाशी एक प्रचंड लाकडी दरवाजा बांधून वर टांगून ठेवला. लोक हसले. त्याला 'फ्रान्सिसचा मूर्खपणा' असं नावच पडलं. दोन वर्षांनी, 1852 मध्ये, महापूर आला. रात्री दरवाजाला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी छिन्नीने तोडली, दरवाजा धाडकन खाली आला आणि गाव वाचलं. 1936 च्या पुरातही तोच दरवाजा खाली पाडला. आतेभाऊ त्याच्याकडे देवळात उभं राहावं तसा उभा होता. कारण विचारलं तर म्हणाला, "अगं, हाच तो फ्रान्सिस टर्बाईनवाला." खरंच की. पाण्यावर वीज तयार करणारं फ्रान्सिस टर्बाईन जगभर वापरतात, आपल्या कोयनेतसुद्धा आहेत, आणि त्याचा जन्म या कालव्यांवरचा.

पण फ्रान्सिसची एवढी स्तुती झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. गिरण्या वाढल्या तसं उन्हाळ्यात पाणी पुरेना. मग लोवेल आणि शेजारच्या लॉरेन्सच्या गिरणी कंपन्यांनी 1840 च्या दशकात वर न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपसॉकी वगैरे तलावांच्या पाण्यावर ताबा मिळवला. शंभरेक किलोमीटरवर बसलेल्या गिरणीला गरज पडली की तलावाचं पाणी सोडायचं, नको तेव्हा अडवायचं. तलावाकाठच्या शेतकऱ्यांची कुरणं पाण्याखाली जायची, तिथल्या लहान गिरण्यांना पाणी मिळायचं नाही. 1859 मध्ये लोकांचा जमाव कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन तिथल्या धरणावर चालून गेला. धरण काही फुटलं नाही.

हे ऐकून तुम्हाला मुळशी आठवली ना? मलाही तिथेच उभ्याउभ्या आठवली. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला वाफेवर चालायच्या. मग लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधून ते पाणी खोपोलीला उतरवलं आणि 1915 पासून त्या विजेवर गिरण्या चालायला लागल्या. वीज आणखी हवी झाली तेव्हा मुळशीला धरण आलं, आणि 1921 मध्ये मावळे तिथे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती त्या लढ्यात. तेही धरण थांबलं नाही. लालबागच्या साच्याचा पट्टा जिथे जाऊन अडकतो ते दुसरं टोक मावळातल्या कुणाच्या तरी भातखाचरात होतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मला ते लोवेलला कळलं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

बरं, चला आता गिरणीत.

कालव्यावरचा छोटा पूल ओलांडला की बूट मिल्स. 1835 साली सुरू झालेली गिरणी. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, मधे अंगण, त्यावर घंटेचा मनोरा. भारतमाता सिनेमासमोर उभं राहून समोरच्या गिरणीकडे बघितलेल्या माणसाला ही इमारत परकी वाटणारच नाही. ही गिरणी 1955 च्या सुमाराला बंद झाली, 1978 मध्ये या गावातले कालवे आणि गिरण्या मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर झालं आणि आता तळमजल्यावर साचे चालू ठेवलेलं संग्रहालय आहे. बाकीच्या बऱ्याचशा भागात लोक राहतात, ऑफिसं आहेत.

साचाखात्यात जाताना दारात कानात घालायचे बोळे देतात. आत 88 साचे. सगळे एकदम नाही चालवत, थोडेच चालू असतात. मी बोळे घातले, आत गेले, दोन मिनिटं फिरले आणि मग मुद्दाम काढले.

मंडळी, तो आवाज कानाला नाही लागत, छातीला लागतो. पायाखालची फळी थरथरते. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, ठोकला जातो, परत फेकला जातो, आणि हे मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, प्रत्येक साच्यावर. आतेभाऊ माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलत होते. मी ओरडले, "काय?" आणि त्या क्षणी मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. मीठ मागणाऱ्या माणसाचा आवाज.

वीस सेकंदं रेकॉर्ड केली आणि बाहेर आले. इथे फक्त थोडे साचे होते, दार उघडं होतं, आणि मला बाहेर जायची मुभा होती. तेव्हा खिडक्यासुद्धा बंद असायच्या, कारण हवेत दमटपणा नसला की धागा तुटतो. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा, त्याबरोबर कापसाची धूळही आत जायची. ही पद्धत लोवेलला होती, लँकेशायरला होती आणि आपल्याकडेही होती.

इथे काम कोण करायचं? आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली. साधारण पंधरा ते तीस वयाच्या. कालवे आयरिश मजुरांनी खणले. 1822 मध्ये ह्यू कमिस्की नावाच्या मुकादमाबरोबर तीस जण बॉस्टनजवळून चालत इथवर आले होते. त्यांच्या राहण्याची सोय कुणीच केली नाही, त्यांनी झोपड्या बांधल्या. मुलींची मात्र सोय होती. कारण बापाने मुलीला गावाबाहेर पाठवावं तर ती सुरक्षित आहे हे त्याला पटायला हवं. म्हणून कंपन्यांनी गिरणीसमोरच बोर्डिंग हाऊस बांधली. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणं सक्तीचं. पहाटे घंटा. उन्हाळ्यात पाचला काम सुरू, संध्याकाळी सातला सुट्टी, मधे नाश्त्याला अर्धा तास आणि जेवायला पाऊण तास. आठवड्याचे सरासरी 73 तास.

तरीही मुली यायच्या, हे लक्षात घ्या. स्वतःचा पगार, स्वतःचे कपडे, वाचनालय, संध्याकाळची व्याख्यानं. त्या स्वतःचं मासिक काढायच्या. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये इथे येऊन गेला आणि बोर्डिंगमध्ये पियानो बघून थक्क झाला. अर्थात तो आला एक दिवस. पाहुण्याला एका दिवसात जेवढं दाखवतात तेवढं त्याने पाहिलं. 1834 मध्ये मजुरी कापली तेव्हा याच मुलींपैकी सुमारे 800 जणी काम सोडून रस्त्यावर आल्या होत्या. पुढे सारा बॅगली आणि तिच्या सोबतिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा केल्या, 1845 मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या समितीसमोर साक्षी दिल्या. समितीने सांगितलं, हे आमचं काम नाही. तो कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये आला 1874 मध्ये.

आणि एक गोष्ट संग्रहालय लपवत नाही, मीही लपवणार नाही. या मुलींच्या हातात जो कापूस यायचा तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा. इतकंच नाही, या गावाचं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं आणि तिथल्या गुलामांना अंगावर घालायला दिलं जायचं. त्या कापडाला नावच 'लोवेल' होतं. संपावरच्या मुली आपल्या हालांची तुलना गुलामगिरीशी करायच्या. त्यांतल्या काही गुलामगिरीविरोधी चळवळीत होत्या. पण साचा चालू राहायचा तर कापूस यायलाच हवा. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लोवेलच्या कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. त्याच वेळी लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलायला लागल्या आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद, शेअरचा सट्टा, 1865 ची दिवाळखोरी, ती सगळी गोष्ट इथून सुरू होते. ती एका वेगळ्या भागाची गोष्ट आहे. तूर्त सोडून देते.

कारण मला तुम्हाला जेवणघरात न्यायचंय.

गिरणीसमोर एक जुनं बोर्डिंग हाऊस परत उभारलंय. आत लांब टेबलं, ताटं मांडलेली. वरच्या खोल्यांत एकेका खोलीत चार-सहा जणी, एका पलंगावर दोघी. अशा एका घरात पंचवीस-तीस मुली. आणि त्यांचं सगळं बघायला एक बाई. बहुतेकदा विधवा. पहाटेचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, झाडलोट, शिवाय मुलींच्या वागणुकीची जबाबदारी तिच्यावर. मुलींच्या पगारातून जेवणाखाण्याचे ठरलेले पैसे तिला मिळायचे, घर कंपनीचं.

मी ते टेबल बघितलं आणि व्हिडिओ कॉल लावला. आजीला.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत रोज वीस-बावीस माणसांचा स्वयंपाक. ही माणसं कोकणातली, बायका-मुलं गावाला ठेवून आलेली, गाळ्यात पाळीपाळीने झोपणारी. ज्यांची पहिली पाळी ते उठले की रात्रपाळीवाले त्यांच्याच जागेवर आडवे. त्यांच्या जेवणाच्या वेळा भोंग्यावर. पैसे महिन्याला. किराणा आजीने सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून भरायचा. पुढे 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठे सावकार सुटला. आजी हे सांगताना अजून बोटं मोडते, सावकाराच्या नावाने.

मी फोन फिरवून तिला टेबल दाखवलं. ती म्हणाली, "मोठं आहे. पंगत एकदम बसत असेल." मग विचारलं, "खायला काय द्यायची?" मी सांगितलं, पाव, मांस, बटाटे, पाय. "पाय म्हणजे?" गोड करंजीसारखं असतं, म्हटलं. मग मी उत्साहाने तिला 1836 चा संप सांगायला घेतला.

महागाई वाढली होती, ठरलेल्या पैशांत बोर्डिंगवाल्या बायकांचं भागेना, म्हणून कंपन्यांनी जेवणाचे पैसे वाढवले आणि ती वाढ मुलींच्या पगारातून कापायचं ठरवलं. ऑक्टोबर महिन्यात दीड हजारांवर मुली बाहेर पडल्या. त्यांत अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन होती. ती भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं काम करायची. वरच्या मजल्यावरच्या मुली निघाल्या, हिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावं की न जावं करत बसल्या, तेव्हा ही पोर, कुणी येवो न येवो मी चालले, म्हणून निघाली. मागे वळून बघते तर सगळं खातं तिच्यामागे. काही कंपन्यांना शेवटी ती वाढ मागे घ्यावी लागली, असं इतिहासकार सांगतात. हॅरिएटने स्वतः म्हातारपणी, 1898 मध्ये, आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात मात्र तिला त्या संपातून काही निष्पन्न झालं असं वाटत नाही.

मी सांगून संपवलं आणि वाट बघत राहिले. मला वाटलं आजी म्हणेल, वा, काय पोर आहे!

आजी म्हणाली, "मग त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"अगो, जेवण करणारीचं. पैसे वाढवले ते तिला पुरत नव्हतं म्हणून ना? मग वाढ मागे घेतली तर तिचं भागलं कसं?"

मी गप्प. मुलींच्या संपाचा भाग डोक्यात तयार करून झाला होता, शीर्षकसुद्धा ठरलं होतं, आणि त्यात ती बाई कुठेच नव्हती.

तिचं काय झालं ते त्या रात्री आतेभावाच्या घरी बसून शोधलं. निदान एका बाईचं सांगता येतं. हॅरिएटची आई स्वतःच बोर्डिंग चालवायची. नवरा वारल्यावर चार मुलांना घेऊन ती बॉस्टनहून लोवेलला आली होती ती याच कामासाठी. संपानंतर कंपनीच्या माणसाने तिच्याकडून बोर्डिंग काढून घेतलं. त्याचं म्हणणं असं की मोठ्या मुलींना तू अडवू शकली नसतीस हे ठीक, पण स्वतःची लहान पोर तर तुझ्या हातातली होती. म्हणजे वाढ झाली असती तर जिचा थोडा फायदा होता, तिचंच काम तिच्या मुलीच्या संपापायी गेलं. पुस्तक मुलीने लिहिलं, म्हणून एवढं तरी आपल्याला माहिती आहे.

दुसऱ्या दिवशी मी आजीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपली वही आहे अजून. ट्रंकेत."

मला वही आहे हे माहीत होतं. आत काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबांनी पानांचे फोटो काढून पाठवले. लाल बांधणीची लांबट वही, आजीच्या जाड अक्षरांत नावं आणि नावांपुढे खाडे, जेवणं, जमा, बाकी. डिसेंबर 1981 पर्यंत सगळं चोख. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर वहीतला जमेचा रकाना रिकामा होत जातो. जेवणं मात्र मांडलेली आहेत. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मे महिन्यात एकेका नावापुढे 'गावाला गेला' असं लिहिलंय. बाकीचा आकडा तसाच. सप्टेंबरनंतर पानं कोरी.

आणि त्या नावांमध्ये शेवटी एक नाव माझ्या आजोबांचं. तेही संपावर होते. तिने नवऱ्याचीसुद्धा जेवणं मांडून ठेवली होती!

मी फोनवर विचारलं, "आजी, आजोबांच्या नावावर बाकी का लिहिलीस?"

"तो पण जेवत होता ना," ती म्हणाली. "त्यांचाच संप होता. किराणा माझा होता."

मी विचारलं, संप चूक होता का? ती म्हणाली, "चूक कशाला? पगार कमीच होता." मग पुढे कांदे महाग झाल्याचं सांगायला लागली.

नंतर मी तिला साच्यांचं ते वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने फोन कानाला लावला, लांब धरला, परत लावला. ती कधी साचाखात्यात गेली नव्हती. गिरणीच्या दारापर्यंत डबा घेऊन जायची तेवढंच. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाली, "एवढ्यात ते बोलायचे कसे?" आणि हे ती अगदी हळू आवाजात म्हणाली.

वहीतले काही फोटो, नावं झाकून, या मजकुराखाली देतेय. तुमच्या घरी अशी वही, पगाराची चिठ्ठी, गिरणीचा पास असं काही असेल तर आधी फोटो काढा, आणि ज्याचं आहे त्या माणसाला समोर बसवून रेकॉर्डिंग सुरू करा. मला कळवलंत तर आवडेल. पुढच्या भागात कापसाचा भाव आणि 1865 ची मुंबई. तोवर भेटू.